अंबूबाई गप बसायला शिकली

मयताच्या घरी पोचली की अंबू आधी रडायची नाही. बाकीच्या बाया रस्त्यापासूनच हेल काढत यायच्या, एकमेकींच्या गळ्यात पडायच्या. ही दारात उभी राहून सगळ्यांची तोंडं बघायची. शेजारून आलेला चहा कोरड्या डोळ्यांनी वाटणारी सून, भिंतीला टेकून उगाच मोबाईल चाळणारा थोरला पोरगा, असं एखादं माणूस तिला बरोबर सापडायचं. त्याच्यासमोर जाऊन मांडी घालायची, त्याला धरायची, आणि मग तिचा गळा सुटायचा. गेलेल्या माणसाशी बोलत बोलत रडायची ती. "आता शेवग्याला शेंगा लागतील रं दादा, काडायला कोन चडंल? कोलंबीचं कालवण मी कोनाला ठेवू रं दादा?" असं दोन-चार वेळा झालं की तो भिंतीला टेकलेला पोरगा लहान मुलासारखा ओरडून रडायचा. मग ही उठायची आणि बाहेर येऊन पाणी मागायची.

"रडनारी रडतात," असं ती म्हणायची. "न रडनारं मानूस शोधायला लागतं."

ती माझी बायको. जिवंतपणी मी तिचं नाव कधी घेतलं नाही, 'अगं' म्हटलं की ती ओ द्यायची. आता ओ द्यायला कोणी नाही, म्हणून लिहिताना नाव घेतो. मी चौथी शिकलेला, जन्म भातगिरणीत गेला, तेव्हा फार सजवून लिहिता येणार नाही. आमचं गाव आता पनवेलच्या पोटात गेलंय. चारी बाजूंनी टॉवर, मधे आमची घरं. टॉवरातली माणसं मेली की गाडी येते आणि घेऊन जाते, वरच्या मजल्यालासुद्धा कळत नाही. आमच्यात अजून माणूस गेलं की घर भरतं, आणि घर भरलं की अंबूला बोलावणं येतं.

तिचं माहेर मोऱ्याचं, उरणच्या पलीकडे, बंदरावरचं. तिथं होडी गेली आणि आलीच नाही असं तिच्या लहानपणी व्हायचं. प्रेत मिळायचं नाही. ती सांगायची, "मढं समोर नसलं का रडू अडतं. बायका पंधरा पंधरा दिस दर्यावर बघत बसायच्या. रडायच्या नाय, जेवायच्या नाय. मंग माजी आजी जायची त्यांच्याकडं." आजीकडून ही विद्या हिच्याकडे आली. शाळेची पायरी तिने पाहिली नव्हती, पण याच्यात तिचा हात कोणी धरू शकत नव्हतं.

खाडीकडे आमचं भाताचं शेत होतं. आता त्यावरून रस्ता गेलाय. भरतीचं खारं पाणी आत शिरू नये म्हणून शेताला बांध, आणि बांधाला एक फळीचं दार. त्याला आम्ही उघाडी म्हणतो. पावसाचं पाणी आत तुंबलं की ओहोटी बघून उघाडी काढायची, पाणी खाडीत जातं. मी कधी विचारलं, "लोकांना रडवून तुला काय मिळतं गं?" की तिचं ठरलेलं उत्तर, "पानी कोंडलं का भात कुजतं. उघाडी काडायला लागते. तुमच्या कानात गिरनीचा सगला भुसा गेलाय, तुमाला नाय समजायचं."

वरच्या खोलीत आम्ही कॉलेजच्या मुली ठेवायचो. तशी श्रुती आली, परभणीकडची, विशीतली. तिच्याबरोबर स्नेहल म्हणून दुसरी होती. श्रुती हसरी, अंबूला 'मावशी, मावशी' करत मागे फिरायची. आल्याच्या दुसऱ्या वर्षी तिचे वडील गेले. वार्षिक परीक्षा चालू होती. घरच्यांनी ठरवलं, शेवटचा पेपर होऊ दे मग सांगू. पेपर देऊन पोरगी आनंदात फोन करते तर हे ऐकायला मिळालं. ती पोचली तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती. चौदाव्याला ती परत आली. तिकडे सगळे म्हणाले, किती खंबीर मुलगी, एक टिपूस काढलं नाही. मी पण तसंच म्हणालो.

अंबू म्हणाली, "खंबीर नाय ती. तिचं रडू अडलंय."

आणि खरंच पोरगी वाळायला लागली. डबा तसाच परत. झोप नाही. आईचा फोन आला की नुसतं 'हो, हो' म्हणायची आणि ठेवायची. गणपती गेले, दिवाळी गेली, घरी गेली नाही. आई तिकडे एकटी. अंबूचा जीव त्यातच अडकलेला. "आयशीकडं गेली पायजे ती. त्या घरात पाय टाकला का सुटंल."

कॉलेजच्या कोणी मॅडम होत्या, त्यांनी श्रुतीला मोबाईलवरच्या एका क्लासात घातलं. माइंडफुलनेस म्हणतात त्याला. तरुण पोरांना राग येतो, भीती वाटते, मन दुखतं, त्याचं काय करायचं ते शिकवायचं. थोड्या दिवसांचा क्लास, एका वेळी कुकर होईपर्यंत बसायचं. वरच्या खोलीत रेंज यायची नाही, म्हणून ती दुपारी आमच्या ओट्यावर येऊन बसायची. मी तिथंच सुपारी कातरत असायचो, त्यामुळे मलाही क्लास झाला. मॅडमचा आवाज गोड. "जे वाटतंय त्याला नाव द्या. राग असेल तर राग म्हणा, भीती असेल तर भीती म्हणा. त्याला हाकलू नका, ओढूनही आणू नका. नुसतं बघा. श्वास कुठे जाणवतो ते बघा."

मी श्रुतीला म्हटलं, "डोळे मिटून बसायला मोबाईल कशाला लागतो?"

ती म्हणाली, "काका, एकटीनं मिटले की बाबा दिसतात. इथं सगळे असतात, म्हणून मिटता येतात."

मी परत सुपारी कातरायला लागलो. पण तिला त्याचा उपयोग होत होता, हे माझ्यासारख्याला पण दिसत होतं. डबा अर्धा रिकामा यायला लागला. आणि संध्याकाळी अंबू भाजी निवडायला बसली की ती शेजारी बसून वडिलांबद्दल थोडं थोडं सांगायची. अंबू खोदून विचारायची. ते तुला काय म्हणायचे? "साहेब. मी घरी पोचले की म्हणायचे, साहेब आले का?" प्रवासातून येताना काय आणायचे? "भाजलेले शेंगदाणे. टरफलं काढून शर्टाच्या खिशात ठेवायचे, माझ्यासाठी." हे ती दुसऱ्या कोणाला सांगत नव्हती. स्नेहललासुद्धा नाही.

मग तो दिवस आला. मी ओट्यावरच होतो. श्रुती भिंतीला पाठ लावून बसलेली, डोळे मिटलेले, मोबाईल समोरच्या तांब्याला टेकवलेला. अंबू आतून ताकाचा पेला घेऊन आली आणि तिची नजर मोबाईलवर गेली. तोवर तिने क्लास नुसता ऐकला होता, बघितला नव्हता. चौकोना-चौकोनात पोरं-पोरी बसलेली. सगळ्यांच्या माना खाली, डोळे बंद, कोणी बोलत नाही, एक पोरगी नाक पुसतेय. आणि मॅडम म्हणत होत्या, "कोणाची आठवण येत असेल तर येऊ द्या."

अंबूने उभ्या जन्मात असं बसलेलं एकच घर बघितलं होतं. मयताचं. एवढी माणसं जमलीत, माना खाली घालून बसलीत, आणि तोंड फोडायला कोणी बाई नाही. तिला वाटलं, हे आपलंच काम. तिने पेला खाली ठेवला, पदर खोचला, श्रुतीच्या समोर बसून तिच्या गळ्यात हात टाकले आणि सुरू झाली. "साहेब आलं रं बाबा, दार उघड! खिशातलं शेंगदानं आता कोनाला देशील रं बाबा! लेकीनं तुजं तोंड नाय बघितलं रं बाबा!"

श्रुतीने त्याच्या आधीच मॅडमना काही उत्तर दिलं होतं, तिचा माईक चालूच राहिलेला. मी बघितलं, त्या चौकोनांतले डोळे एकेक करून उघडले. कोणी दचकलं, कोणी इकडे तिकडे बघायला लागलं. एक पोरगा हसू दाबत होता. ती नाक पुसणारी पोरगी मात्र हुंदके देऊन रडायला लागली. मॅडम "कोणाचा माईक, कोणाचा माईक" करत राहिल्या. श्रुतीने अंबूचे हात झिडकारले आणि मोबाईल पालथा टाकला.

पांढरी फटक पडली होती. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी हे तुम्हाला सांगितलं होतं मावशी. फक्त तुम्हाला."

"अगो, तुजं अडलं होतं म्हून..."

"माझं होतं ना? मग माझ्याजवळ राहू द्यायचं होतं."

कोणीतरी ते रेकॉर्ड केलं होतं. दोन दिवसांत कॉलेजात फिरलं. पोरं तिला बघून 'साहेब आले' म्हणायला लागली, म्हणे. तिने क्लास सोडला. तिच्या हाताला एक दोरी लागली होती, ती सुटली. आठवडा संपायच्या आत सुकापूरला दुसऱ्या मुलींबरोबर राहायला गेली. गादी आणि एक पेटी वरच राहिली. जाताना माझ्या पाया पडली. अंबू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिच्याकडे बघितलं पण नाही.

त्या संध्याकाळी अंबू म्हणाली, "मी भरतीत उघाडी काडली."

मला पहिल्यांदा तिचं बोलणं लगेच समजलं. भरती असताना उघाडी काढली तर आतलं पाणी जात नाही, खाडीचंच खारं पाणी आत शिरतं आणि उभं भात जळतं. मग दोन-तीन वर्षं त्या जमिनीत काही येत नाही.

मी म्हटलं, "आता हाय ते हाय. पोरींचं काय, येतात आणि जातात." तिने माझ्याकडे असं बघितलं की मी उठून बाहेर गेलो.

पुढे ती स्नेहलच्या मागे लागली. मॅडमचा आवाज कशात तरी धरून ठेवलेला असतो, तो माझ्या मोबाईलात टाकून दे म्हणाली. स्नेहलने टाकून दिला. मग रोज दुपारी, भांडी झाली की, त्याच ओट्यावर अंबू डोळे मिटून बसायला लागली. सुरुवातीला बघण्यासारखा प्रकार होता. मॅडम म्हणायच्या, श्वासाकडे बघा. ही एक डोळा उघडून मला म्हणायची, "श्वास काय बकरी हाय बघायला?" मॅडम म्हणायच्या, विचार आला तर येऊ द्या. ही म्हणायची, "येतोय ना. वाटानं भिजत घातलं नाय." कधी बसल्या बसल्या घोरायची. मी चेष्टा केली की म्हणायची, "तुमी कातरा सुपारी. माजं काम हाय हे."

"कसलं काम?"

"पोरगी येईल कवातरी गादी न्यायला. तवा मला गप बसता आलं पायजे."

आयुष्यभर जिचा गळा लोकांनी वाखाणला, ती या वयात गप बसायची तालीम करत होती. हळूहळू जमायलाही लागलं. दुसऱ्याच्या रडण्याला ती मदत करायची, पण स्वतःच्या आत काय चाललंय ते बघायची तिला सवय नव्हती. एकदा म्हणाली, "नाव द्या म्हनतात ना मॅडम. मी दिलं. खंत हाय ती. छातीत नाय, हितं हाय, पोटात." आणि पोटावर हात ठेवला.

पोटात खंत होतीच, पण दुसरंही होतं. डॉक्टरने गाठ सांगितली. वेळ निघून गेली म्हणाला. त्या दिवसापासून मी घरात सगळ्यांवर ओरडत सुटलो. डॉक्टरवर, दूधवाल्यावर, तिच्यावर. पडून राहायचं सोडून मोबाईल घेऊन काय बसतेस, फेकून देईन तो, असं म्हणालो. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अवो, तुमाला वाटतं हा राग हाय. राग नाय हा. भ्या हाय."

त्यानंतर मला ओरडता आलं नाही. तिने नाव सांगून टाकलं होतं.

ती पुढच्या वर्षी माघात गेली. घर भरलं, बाया आल्या, हेल काढले, एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी भिंतीला टेकून बसलो होतो. कोण रडत नाहीये ते दारात उभं राहून बघणारं कोणी उरलं नव्हतं. नंतर लोक येऊन सांगून गेले, मन घट्ट करा. मन काय फडकं आहे का, पिळून घट्ट करायला? ते जाऊ द्या. मला सांगायचं आहे ते ती जायच्या दीड-दोन महिने आधीचं.

श्रुती आली. दुपारची, ऊन कलताना. मला वाटतं स्नेहलने कळवलं असावं, पण ती तसं बोलली नाही. "गादी न्यायला आले काका," म्हणाली. अंबू ओट्यावर बसली होती, अंगावर शाल. पार हाडं वर आलेली. श्रुतीने तिला बघितलं आणि तिथल्या तिथे उभी राहिली. अंबूने शेजारची जागा हाताने झाडली, एवढंच. श्रुती बसली.

दोघी बोलेनात. मला चैन पडेना. मी म्हटलं, "चहा टाकू का?" अंबूने नुसती मान हलवली, नको. समोरून पाण्याचा टँकर गेला, टॉवरात वरच्या मजल्यावर कुणीतरी खिळा ठोकत होतं. बऱ्याच वेळाने श्रुती आपणच बोलायला लागली. आमच्याकडे बघत नव्हती, समोर बघून बोलत होती.

"मला राग होता मावशी. तुमच्यावर नाही. म्हणजे तुमच्यावर पण होता. पण खरा घरच्यांवर. पेपरचं काय एवढं होतं? मला बोलवायचं होतं. बाबांनी वाट बघितली असेल ना? विचारलं असेल ना, साहेब आले का म्हणून?"

आणि तिथं तिचा आवाज फुटला. तोंड गुडघ्यात घालून ती रडायला लागली. आवाज नाही, नुसती पाठ हलत होती.

मी अंबूकडे बघत होतो. तिचे हात मांडीवरून उठले, अर्ध्यात आले आणि परत मांडीवर गेले. एकात एक बोटं अडकवून तिने ते दाबून धरले. ओठ मिटलेले. डोळे त्या पोरीच्या पाठीवर. एक शब्द काढला नाही तिने. बापाचं नाव नाही, 'रडू नको' नाही, 'रड' पण नाही. बांधावर बसून ओहोटीचं पाणी बघावं तशी बसली होती. ते किती वेळ चाललं मी सांगू शकत नाही. ऊन ओट्यावरून उतरून गटारापलीकडे गेलं.

श्रुतीने ओढणीने तोंड पुसलं आणि म्हणाली, "मी आज घरी चाललेय. आईकडे. संध्याकाळची गाडी आहे."

अंबू म्हणाली, "आमी येतो स्टँडवर."

डॉक्टरने जिनासुद्धा चढू नको सांगितलं होतं. मी म्हटलं, "वेड लागलंय का?" पण ती उठून चप्पल शोधत होती. रिक्षा बोलावली, आमच्याच गावातल्या गणपाची. तिघं बसून एसटी स्टँडवर गेलो. गर्दी, धूर, भजीवाल्यांचा ओरडा, आणि ही माझ्या खांद्याला धरून उभी. गाडी लागली. श्रुतीने वाकून तिच्या पायाला हात लावला आणि कानाशी काहीतरी बोलली. काय ते अंबूने मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही. खिडकीतून पोरगी हात करत होती. आता रडतही होती, हसतही होती. गाडी वळून हायवेकडे लागली तेव्हा अंबू अजून हात वर धरून होती.

परत येताना रिक्षात बसलो. पुलाखालून निघालो असू, आणि माझ्या शेजारी एकदम आवाज फुटला. तो आवाज मी शेकडो घरांत ऐकला होता, पण असा नाही. मयताच्या घरी ती कोणाचं तरी नाव घेऊन रडायची. आत्ता नाव नव्हतं. दादा नाही, बाबा नाही, आई नाही. नुसता आवाज, मोठा, सरळ पोटातून येणारा. इतक्या वर्षांच्या संसारात स्वतःसाठी रडताना मी तिला पाहिलं नव्हतं.

गणपाने घाबरून रिक्षा बाजूला घेतली. "मावशी! कोन वारला गो?"

"कोन नाय वारला," रडता रडताच ती म्हणाली. "पोरगी आयशीकडं गेली."

गणपा माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला हाताने थांबायला सांगितलं. तिचा हात मी धरला होता की तिने माझा, ते आठवत नाही. रस्त्याने माणसं जाता जाता वाकून बघत होती. बघेनात का.

मग तो आवाज आपोआप कमी कमी होत थांबला. तिने पदराने डोळे पुसले, नाक पुसलं, पदर सारखा केला.

"चल रं गनपा," म्हणाली. "भूक लागली मला."

किती दिवसांत आपणहून भूक हा शब्द तिने काढला नव्हता. घरी आल्यावर मी तांदळाची भाकरी भाजली, जाडीभरडी, कडेला करपलेली. सुका जवळा केला. तिने अर्धी भाकरी खाल्ली, सावकाश, बोटं चाटून. आणि मीठ जास्त पडलंय म्हणून मला शिव्या दिल्या.